निष्पत्तीचा रकाना

पाचपावलीच्या आमच्या शाळेतल्या नकाशाला
वरून वाळवी लागली होती.
आधी लडाख गेलं, मग काश्मीर, मग हळूहळू हिमाचल;
मी बदलून आले तेव्हा ती कुरुक्षेत्रापर्यंत पोचली होती.
अकरा वर्षं उरलेला देश मी खिळ्याला टांगत आले
आणि वरचा भाग भिंतीवर खडूनं काढत आले.
पोरं उत्तर म्हणजे भिंत समजायची:
चुन्याची, पोपडे आलेली, श्रावणात ओल धरणारी.

आता ऑफिसचा फॉर्म आलाय समोर.
स्थळ. दिनांक. शैक्षणिक हेतू. निष्पत्ती.
शेवटचा रकाना सगळ्यात अरुंद.

काय लिहू?
की इटारसी यायच्या आत अर्ध्यांचे डबे रिकामे झाले,
की दिल्लीत भाजीच्या गाड्यावर हर्षल निनावेनं
ऐटीत दहा रुपयांचा सांबार मागितला
आणि गाडीवाल्यानं त्याला इडलीचं दुकान दाखवलं?
"धनिया म्हन ना बे!" पोट्टे हसून हसून लोळले.
तो मात्र रात्री वही काढून बसला.
कोथिंबीर, सांबार, धनिया.
"मॅडम, हे भूगोलात येते का भाषेत?"

अमृतसरला लंगरात
संघदीप रामटेके भांड्यांच्या हौदापासून हलेना.
बसवाला हॉर्न मारत होता, मी ओरडत होते.
कोपरापर्यंत भिजलेला, तसाच वळला,
"मॅडम, इथं भांडे घासाले लाइन लागते!
ते चष्मेवाले काका बँकेत साहेब हायेत म्हनते."
त्याची आई धंतोलीत पाच घरची भांडी घासते.
मी घड्याळ पाहिलं.
अजून दहा मिनिटं, म्हटलं, बसवाल्याला सांगते मी.
(श्रमप्रतिष्ठा हे छापील उत्तर मला येतं.
ते लिहिणार नाही.)

एका गावात, नाव नाही सांगत,
लॉजवाल्यानं फरहीन अन्सारीचं ओळखपत्र
दोनदा उलटून पाहिलं. तिसऱ्यांदा मागितलं
तेव्हा बाकीच्या अडतीस जणांनी
आपापली कार्डं काउंटरवर ओतली.
मी काही शिकवलं नव्हतं. मी पाकिटात पावती शोधत होते.

कुलूच्या अलीकडे पहिला बर्फ दिसला, लांब, वर.
सगळ्या पोरी तिकडे धावल्या.
तेजल धकाते एका दारात थांबली.
आतून खटखट येत होती.
"आमच्या घरच्यासारखा आवाज आहे," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, "होता."
तांडापेठेतला तिच्या आजोबांचा माग
दोन वर्षांपूर्वी सरपणाच्या भावात गेला.
विणणाऱ्या बाईचा धागा तुटला,
तेजलनं न विचारता बोटाला थुंकी लावली, गाठ मारली.
बाईनं ती गाठ नखानं ओढून पाहिली,
पुन्हा एकदा ओढून पाहिली,
मग पाटावर सरकून हिच्यापुरती जागा केली.
आम्ही बर्फाचे फोटो काढून परत आलो
तोवर बोटभर पट्टा पुढे गेला होता.

उरलेल्या पैशांत नवा नकाशा घेतला, सीताबर्डीतून,
चकचकीत, वाळवीच्या बापाला न लागणारा.
आणि आज सकाळी रंजिता उईके,
पैसे भरायच्या तारखेला जिचं नाव
मीच यादीतून खोडलं होतं, चाळिसावं,
ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी उभी राहिली.
"नवा आला ना आता. हे पुसू का?"
खडूचं काश्मीर, खडूचं लडाख,
माझ्या हातानं जरा डावीकडे कललेलं.
फडक्यातून पाणी ठिबकत होतं.
"तुम्ही तर पाहून आल्या, मॅडम.
बरोबर काढलं होतं का?"

फॉर्म द्यायची आज शेवटची तारीख.