काही नाही, असं लिहिणे

आधी त्या साधनाचं वर्णन एका ओळीत होतं:
घटना आणतं.
मीच लिहिलेलं, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत,
आणि सन्मतीने न वाचताच बरोबरची खूण केलेली.

कवठे एकंदच्या रस्त्याला मगदुमांचं कोल्ड स्टोअरेज.
आठ खोल्या. बेदाण्याची खोकी छतापर्यंत,
दर खोलीला एक जाड दार, एक तापमापक,
आणि रात्रभर जागा राहणारा एक एजंट,
ज्याला नाक नाही, बोटं नाहीत,
फक्त माझी ती ओळ आहे.

वैशाखातल्या एका रात्री त्याने विचारलं, नवं काय?
रिकामी यादी आली.
त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा रिकामी.
पुन्हा.
पहाटेपर्यंत एकोणीस हजार वेळा,
एखादं पोर बंद दुकानाची कडी वाजवत राहतं तसं.
चार नंबरचा कॉम्प्रेसर बंद पडल्याची बातमी निघाली होती,
पण त्याच्याच प्रश्नांच्या रांगेत मागे अडकली.
सकाळी बेदाणा बोटाला चिकटत होता.

भूपालअण्णा ओरडले नाहीत.
चार दाणे तळहातावर घेऊन म्हणाले,
नव्या गड्याला काम नीट सांगितलं नाही
तर तो पाटाच्या कडेला खोरं धरून उभाच राहणार,
त्याचं काय चुकलं?
ओरडले असते तर बरं झालं असतं.

दस्तगीर नदाफ तिथे बावीस वर्षं रात्रपाळीला.
मी त्याची वही मागितली. लांबट, लाल पाठीची,
पानांना वेष्टनाच्या गंधकाचा वास.

१ वाजता. काय न्हाई.
२ वाजता. काय न्हाई.
३ वाजता. खोली ६, दार किलकिलं. लावलं.
४ वाजता. काय न्हाई.

म्हटलं, चाचा, काही नसेल तर ओळ कोरी का सोडत नाही?
तो वही झटकत म्हणाला,
कोरी सोडली तर मालकाला कसं कळायचं,
काय झालं न्हाई, का दस्तगीर झोपला?

दुपारी वीज गेली होती. लॅपटॉपवर चाळीस टक्के.
मी लिहायला बसले:

हे साधन मागच्या खुणेनंतर काय घडलं ते सांगतं.
रिकामी यादी ही चूक नव्हे. ते उत्तर आहे.
ते नोंदव. साठ सेकंद थांब. मग विचार.
उत्तरच आलं नाही, तर ती वेगळी गोष्ट: माणसाला उठव.
प्रत्येक उत्तरासोबत नवी खूण येते, ती जपून ठेव.
हरवली तर सात दिवस मागून सुरुवात होईल,
जुन्याच घटना पुन्हा समोर येतील,
त्यांचा क्रमांक बघ, त्यांना नव्या समजून धावू नकोस.
सात दिवसांपलीकडचं इथे मिळत नाही.

मग खोडत गेले.
'शक्यतो' खोडलं. 'साधारणपणे' खोडलं.
'योग्य वेळी'वर बराच वेळ हात अडला,
कारण योग्य वेळ कोणती हे मला कळतं,
आमच्याकडे सगळ्यांनाच कळतं,
शेडवरचे मणी कधी हलवायचे ते कोणी घड्याळात बघत नाही.
पण त्याला कुणी शेडखाली वाढवलेलं नाही.
तेही खोडलं.

सन्मती म्हणाला, यंत्रासाठी एवढं?
तुला तरी कुणी एवढं सांगितलं होतं का, मी विचारलं,
पहिल्या दिवशी?
तो स्क्रीनकडे बघत राहिला. या वेळी वाचत होता.

आठवड्याने एजंटच्या नोंदींचा कागद छापून
मी दस्तगीरच्या केबिनमध्ये नेला.
०२:०० काही नाही. ०२:०१ काही नाही.
त्याने बोट फिरवत पानभर वाचलं,
हिशेब तपासावा तसं.
पोरगं बरं हाय, म्हणाला. लई वेळा लिवतंय, पण बरं हाय.
मग चष्मा काढून:
ते साठ सेकंद थांबतं, तवा काय करतं?

हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी बिडी वडतो, तो म्हणाला,
आणि सहा नंबरचं दार बघायला उठला.