तीस दिवसांत परत करता येईल

खोक्यावर लिहिलंय: तीस दिवसांत परत करता येईल.
आज सव्विसावा.

वजन दोनशे ऐंशी ग्रॅम,
उन्मेष पीठ मोजतो त्याच काट्यावर ठेवून.
वरच्या पट्टीच्या शिवणीत अजून थोडं पीठ आहे.
पहिला तास डोक्यावर काही आहे हे कळत नाही,
दुसऱ्या तासाला चष्म्याची काडी कानामागे रुतते,
तिसऱ्याला डाव्या कानातली कुडी म्हणते,
एक तर हा राहील नाहीतर मी.
कुडी काढून बशीत ठेवली.

आवाज मात्र, खोटं कशाला बोलू,
जिना उतरणारा माणूस
डावीकडे आहे की डावीकडे मागे,
इथपर्यंत.
काचेवर पाऊल पडलं तर काच,
पत्र्यावर पडलं तर पत्रा.
जुन्यात सगळे शत्रू थेट टाळूतून चालत यायचे,
गोळी कुठून आली ते न कळताच मी मरायचे.
आता कळतं, मग मरते.
हीसुद्धा प्रगतीच.

केबल आखूड. खुर्ची वीतभर पुढे घ्यावी लागते,
म्हणजे गुडघे हीटरला.
डंडीत ते मे महिन्यातही चालतं.

माइकची परीक्षा माझ्या पद्धतीनं घेतली.
फणस, म्हटलं. भोपळा. घड्याळ.
भ ला तो फुटला नाही, फ ला फुंकर नाही,
मग स्वतःचं आडनाव: काळदाते.
दातांच्या लॅबमध्ये मला मिसेस कालडेट म्हणतात,
अठरा वर्षं.
माइकनं ळ जसाच्या तसा परत दिला.
मी तो चारदा ऐकला.

मॉरीनला मी कधी पाहिलेलं नाही.
विक गावची, वय सदुसष्ट, शाळेची बस चालवायची.
उशिरा धावत येणारं पोर आरशात टिपावं
तसा ती दुर्बिणीतून माणूस टिपते.
पहिल्या रात्री म्हणाली, अगदी शेजारच्या सीटवर बसल्यासारखी ऐकू येतेस.
दुसऱ्या रात्री काही बोलली नाही.
तिसऱ्या रात्री, पुलाखाली दोघी दबा धरून,
गोळ्या संपत आलेल्या,
हळूच विचारते:
टाळ्या वाजवणारं ते माणूस घर सोडून गेलं का गं?

कसल्या टाळ्या?

अगं, रोज साडेआठला. तू मेलीस की वाजायच्या.
मी मेले तरी वाजायच्या.
दोन वर्षं मी समजत होते, तुझ्या घरात कुणी आहे
ज्याला आपलं सगळंच आवडतं.

भाकरी.
ग्लासगोहून आणलेलं ज्वारीचं पीठ,
ओट्यापाशी उन्मेष, बाह्या दुमडून,
थप थप थप, फिरव, थप थप.
जुन्या माइकला अक्कल नव्हती,
भाकरी, नळ, खिडकीतले सीगल,
वरच्या मजल्यावरच्या बाईचा खोकला,
सगळं एकाच पिशवीत कोंबून पाठवायचा.
नव्याला आहे.
बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, तो ठरवतो.

तिला सांगायला गेले, मॉरीन, त्या टाळ्या नव्हेत,
तेवढ्यात पत्र्यावर पाऊल.
डावीकडे मागे.
इतकं स्वच्छ ऐकू आलं
आणि मी वळलेच नाही.
दोघी मेलो.
टाळ्या नाहीत.

सेटिंगमध्ये, तिसऱ्या पानावर, तळाशी
एक बारीक बटण आहे. ते बंद केलं.

तर निकाल असा: ठेवते.
केबलचा एक गुण कापला, कानाचा एक,
कुडी बशीतच राहील.
बटण बंद असल्यानं आता सीगल येतात,
तिच्याकडचे आणि माझ्याकडचे, एकमेकांत मिसळून,
खोटं पाऊल वाटून दोनदा हकनाक गोळ्या झाडल्या.

टाळ्या कसल्या, ते अजून सांगितलेलं नाही.
काल साडेआठला मॉरीन छतावरून पडून मेली,
आणि तिकडे विकमध्ये, कुणालाही न दिसता,
थँक यू, थँक यू, म्हणाली.

उन्मेष विचारतो, कशाला हसतेस?
म्हटलं, पीठ संपत आलंय.
या खेपेला दोन किलो जास्त आण.