बामणोलीहून, एक तास

फळ्यावर खडूने लिहिलंय:
प्राचीन मंदिरे व तरंगती गावे. एक तास.
आठ माणसं झाली की सुटेल.
आम्ही सात. धक्क्यावर कांदाभजी गार करत बसलो
तेव्हा आठवा आला. पांढरी पँट, काखेत रेक्झिनची पिशवी,
भिकू शेलार, रिटायर्ड कंडक्टर, महाड डेपो.
नाव आपणहून सांगितलं,
सुट्टे पैसे मागावेत तसं.

शंभू जंगम आमचा गाईड, तोच नावाडी,
इंजिन बंद पडलं तर मेकॅनिकही तोच.
कुबट वासाची नारिंगी जाकिटं चढवून
त्याने पहिलं देऊळ दाखवलं, काठावरचंच,
चुन्यात बुडवून काढल्यासारखं.
नंदीचं तोंड संपत आलेल्या साबणाच्या वडीगत.
"पांडवांनी एका रात्रीत बांधलं," शंभू म्हणाला,
"कोंबडा आरवला, कळस राहिला."
दाराशी वीरगळ, तीन मजली:
खाली लढाई, मधे अप्सरा, वर महादेव.
इचलकरंजीच्या नव्या जोडप्याने
मधल्या मजल्यासोबत फोटो काढला.

मग पाणी.
शिवसागराला स्वतःचा रंग नाही,
डोंगर उतरवून देतील ते अंगात घालतो.
"आणि तरंगती गावं कधी?" एका मुलीने विचारलं.
शंभू हसला. "अगं, तो फळा आमच्या मेव्हण्याचा.
पुण्याची माणसं वाचून थांबत्यात."
आणि पुन्हा पाठ केलेलं सुरू:
"आता बरोबर बोटीखाली निवळी. वीस परस खोल.
हितंच उंबरेश्वराचं हेमाडपंती देऊळ, आणि..."

"टिंग."

तोंडानेच. एकच घंटा.
शंभूचा हात आपसूक इंजिनवर गेला.
शेलार उभा राहिला, बोट डुचमळली.
"द्येऊळ हितं न्हाई.
हितं गणू सुताराची पडवी.
तो सुळका आन् ही खिंड एका रेघंत आली पायजे,
आन् ऊन डाव्या खांद्यावर."
शंभूने वल्हं घेतलं.
"अजून. अजून थोडं. हां."

तिथेही पाणीच.
तेवढंच हिरवं, तेवढंच गार.

"सात वर्षांचा हुतो," शेलार म्हणाला.
"देव आधी ट्रकनं गेला, आमी मागनं.
निम्मी निवळी महाडला, थोडी ठाण्याकडं,
तीन घरं सोलापूरच्या माळावर.
तिन्ही ठिकाणी शाळंच्या पाटीवर निवळीच.
आन् हितल्या सातबाऱ्यावर नाव, म्होरं शेरा: बुडीत."
मग त्या मुलीकडे वळून,
"ह्येच तुझं तरंगतं गाव, बाळ.
पाण्यानं जिथं लावलं, तिथं लागलं."

पिशवीतून नारळ निघेल असं वाटलं.
निघाली स्टीलची बाटली.
"घरच्या नळाचं हाय," एवढंच म्हणाला,
आणि पाण्यात पाणी ओतलं.
त्याला फारसा वेळ लागत नाही.
आवाजही नाही झाला.

शंभूने रबरी चपला काढल्या होत्या.
"आमच्या आज्याकडं पूजा होती म्हणं हितली,"
तो इंजिनाशी बोलत असल्यासारखा बोलला,
"मला कुणी जागाच दाखवली नव्हती.
चार वर्षं लोकास्नी सुताराची पडवी दावतोय."
कुणी हसलं नाही.
नव्या नवरीने सँडल काढून मांडीवर धरले,
तिच्या नवऱ्याला ते कुठे ठेवावेत कळेना.
मीही वाकलो.
ट्रेकिंगचे बूट, ओली लेस,
वर हौसेने मारलेली दुहेरी गाठ.

शेलार खाली बसला. जाकिटाचा पट्टा आवळला.
"टिंग टिंग."

इंजिन सुरू झालं.
घड्याळात तास भरायला अजून अकरा मिनिटं.
पुढच्या फेरीची माणसं धक्क्यावर दिसू लागली,
आणि माझी पहिली गाठ सुटली तेव्हा
सुळका खिंडीपासून
चांगला हातभर सरकला होता.