चार हजारांच्या वर

दोन कन्सोल आहेत आमच्या घरात.
एक माझा : बत्तीस चॅनेलचा, हप्ते अजून चालू,
टेम्पोत चढतो तेव्हा अंगावर आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी.
दुसरा केतकीचा : टीव्हीशेजारी, पाटासारखा उभा,
दहावीला ब्याण्णव पडले तेव्हाचा.
बायको दोघांनाही डबडं म्हणते.
"डबडी आवरा, पानं घेतलीत."

आजोबा तांबट आळीत हंडे ठोकायचे.
साठीत त्यांना ठोका तेवढा ऐकू यायचा.
समोर कुणी बोललं की हसायचे,
आणि हसू चुकीच्या जागी पडायचं.
तेव्हाच ठरवलं होतं मी,
आवाजाचं काम करू, पण ठोकाठोकीचं नाही.
मग पंचवीस वर्षं उभा राहिलो
आठ-आठ बॉक्सच्या भिंतीसमोर.

गेल्या महिन्यात कॅनडा कॉर्नरच्या कानाच्या डॉक्टरनं
कागदावर एक रेघ काढून दिली.
चार हजारांपर्यंत ती नीट चालत येते,
पुढे पांडवलेण्याच्या पायऱ्यांवरून पाय निसटल्यासारखी थेट खाली.
कागदाची घडी पीयूसीच्या मागे ठेवली.
साऊंडवाल्याचे कान गेले, हे सांगायचं कुणाला?
सराफाला कस दिसेना म्हटल्यासारखं ते.

केतकी रात्री हेडफोन लावून बसते.
"डावीकडनं येतोय. लोखंडी जिन्यावर. एकटाच आहे."
पडद्यावर कुणीच नसतं. मग असतं.
मी ओरडायचो, कान फुटतील गं.

शनिवारी गंगापूर रोडच्या एका लॉनवर गझलांचा कार्यक्रम.
युनूसला ताप, म्हणून केबल सोडायला ती आली,
गळ्यात तोच हेडफोन, गालात चिंचेची गोळी.
साऊंडचेकला गायिका वरच्या सावर थांबली.
मी पडद्यावर पाहिलं :
हिरवं, हिरवं, टोकाला जरासं पिवळं.
सहा महिने झाले, मी असाच ऐकतो.
म्हटलं, छान.

"बाबा, शिट्टी."
"कुठाय?"
"उजवीकडे, मागच्या बॉक्सला. बारीक. डासासारखी."

तिचा हात पुढे आला आणि अधांतरी थांबला.
घरातला नियम आहे,
माझ्या फेडरला तिनं शिवायचं नाही,
तिच्या कंट्रोलरला मी.
मी खुर्ची मागे सरकवली.
तिनं एका बोटानं ती वक्ररेषा चाचपली,
सहा हजार तीनशेपाशी खड्डा पाडला, अगदी निमुळता.
मला वीस वर्षं लागली होती इतका निमुळता पाडायला.

"गेली का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.
शिट्टी गेलीय म्हणून गप्प बसलेला माणूस
आणि वाजतेय तरी गप्प बसलेला माणूस
दिसतात सारखेच.
पण तिला पाऊल ओळखता येतं, पडद्यावर यायच्या आधी.

"गेली," ती म्हणाली. "सीन सेव्ह करू? नाव काय देऊ?"
"दे काहीही."

कार्यक्रम चांगला झाला म्हणे.
लोक येऊन माझाच हात हातात घेत होते,
आवाज काय स्वच्छ होता हो.
मी हसलो. बहुतेक योग्य जागी.

रात्री दीडला घरी.
गोधडी काढली, डबडं भिंतीला लावलं.
तिनं तिचं सुरू केलं.
सवयीनं म्हटलं, आवाज कमी कर गं जरा.

तिनं केला.
लगेच, एका शब्दानं वाद न घालता.

तेच लागलं मला.