आत एकटी जाऊ नकोस

धुकं इतकं दाट की कारखान्याचं फाटक
आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना.
पहाटेचे चार. वाल्विस बेची गोदी.
कालपासून भोंगा माझ्या हातात आहे
आणि त्याचं बटण कुठे दाबायचं
तेही मला धड ठाऊक नाही.

मेमे न्दिलिमेके बावीस वर्षं माशांची कातडी सोलत आली.
(मेमे म्हणजे आई. आमच्यात कुणाही थोरलीला.)
तिच्या बोटांची आता मूठ वळत नाही,
म्हणून घोषणा देताना ती हात नुसता वर धरते,
उघडा,
वर्गात पोर परवानगी मागतं तसा.

भोंगा देताना तिने भाषण केलं नाही.
म्हणाली, ताइमी, पायात मोज्यांचे दोन जोड घाल.
म्हणाली, पुढे उभी राहशील तेव्हा मागे बघत जा.
बोलणाऱ्या बायका नको मोजूस, त्या ऐकू येतातच.
गप्प बसलेल्या मोज.
एकीचं घरभाडं थकलंय, एक नवऱ्याला भ्यायलीय,
एकीला तुझंच म्हणणं पटलेलं नाही.
तिच्याजवळ आधी जाऊन बस.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला आत बोलावलं.
एकटीला.
दारातूनच दिसत होतं: चहा, बशीत बिस्किटं,
आणि हीटरची अशी ऊब की उभ्या उभ्या झोप लागावी.
मी उंबऱ्यापर्यंत गेलेही.
मेमेने मागून माझ्या रबरी एप्रनची गाठ धरली.
"आत एकटी जाऊ नकोस.
तू विकली जाशील म्हणून नाही.
तू विकली गेली नाहीस
हे बघायला आत कुणी नसेल म्हणून."

मग आम्ही पाचजणी गेलो.
बिस्किटं चारच होती.

आठव्या दिवशी हिलेनी कामावर गेली.
बसच्या काचेला कपाळ टेकून, आमच्याकडे न बघता.
कुणी थुंकलं. कुणी तिच्या आईचा उद्धार केला.
खोटं कशाला सांगू,
भोंगा माझ्याच हातात होता
आणि तिचं नाव त्यातून मीच घेतलं, तीनदा.
बटण तेव्हा बरोबर सापडलं.
पार कुईसेबमोंडच्या पत्र्याच्या खोल्यांपर्यंत गेलं असेल ते,
तिच्या पोरांनी चुलीपाशी ऐकलं असेल.

संध्याकाळी मेमे मला तिच्या दारी घेऊन गेली.
मक्याच्या पिठाची अर्धी पिशवी, संपाच्या साठ्यातली.
मी म्हटलं, हे उपाशी राहिलेल्यांचं पीठ आहे.
म्हणाली, सात दिवस तीही राहिलीच की.

हिलेनीने दार उघडलं. पिशवी घेतली.
दार लावून घेतलं.
ना आभार, ना डोळ्यांत पाणी.
दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसमध्ये होती, त्याच काचेपाशी.
मी विचारलं, मग मिळालं काय?
वाळवंटाकडून वारा सुटला होता, दातांत रेती कचकचत होती.
मेमे वाऱ्याला पाठ करून
बराच वेळ डोक्याचा रुमाल बांधत राहिली.
"तुझं तोंड मिटलं ना," म्हणाली.

संप एकोणिसाव्या दिवशी सुटला.
हातमोजे मिळाले. रात्रपाळीला गाडी मिळाली.
पगाराचं मागितलं त्याच्या निम्मंही नाही.
काहीजणी नाचल्या.
काहीजणी अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.
त्या रात्री मला तिला विचारायचं होतं
मी कुठे कमी पडले.
ती रिकाम्या पटांगणात कागदी पेले गोळा करत होती,
न वळणाऱ्या बोटांनी, एकेक.
माझ्याकडे न बघता तिने
अर्धी चळत माझ्या हातात दिली.

आता ती ओंडांग्वाला लेकीकडे असते.
फोन करते तेव्हा शेळ्यांचं बोलते, आमचं विचारत नाही.

या आठवड्यात ओळीच्या टोकाला एक नवी मुलगी आली आहे.
चाकू अजून धरता येत नाही, अंगठ्याला चिंधी.
सभेत भिंतीला टेकून बसते, एक शब्द नाही.
आज भोंगा खाली ठेवून मी तिच्या शेजारी बसले.
नाव विचारलं.
तिने सांगितलं ते यंत्रांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पुन्हा विचारलं.