शेपटी

वेस्टमान्नाच्या बंदरात, मासळी-लिलावाच्या शेडमध्ये
रान्वा दुपारी तीनलाच दिवा लावते.
डिसेंबर. उजेड आला होता म्हणे,
कोणी त्याला बस म्हटलं नाही.

वजनकाट्याचा कॉम्प्युटर सकाळपासून
सुरू होतो आणि होत नाही.
चार ओळी उमटतात, पाचवीला
'फर्मवेअर सापडलं नाही',
मग काळा पडदा, आणि पंख्याची घरघर.

डिस्क काढून ती दुसऱ्या मशीनला लावते.
फाइल आहे की! जागच्या जागी.
फक्त नावाला शेपटी फुटलीय:
टिंब, झेड, एस, टी.
गेल्या आठवड्यातल्या अपडेटनं
सगळी फर्मवेअरं आवळून ठेवली, जागा वाचावी म्हणून.
बूट इमेज बांधणारी तिची जुनी स्क्रिप्ट
बिनशेपटीचं नाव विचारत दारोदार हिंडली,
रिकाम्या हातानं परतली,
आणि कुणाला बोललीही नाही.

काट्यापाशी हानुस. तीन टन कॉड, बर्फ पाझरतोय.
'कुठं माशी शिंकली?'
'वाळवलेला मासा तसाच कालवणात टाकला तर?'
'दात पडतील.'
'कर्नलचं तेच झालंय. त्याला भिजवता येत नाही.
तो पर्याय मीच बंद केला होता,
कशाला हवा म्हणून.'
हानुस हसत नाही. घड्याळाकडे बघतो.

ती दोन ओळी लिहिते:
शेपटीसकट शोध, सापडलं तर उलगड,
मग गाठोड्यात घाल.
गाठोडं शेवटी एकदाच आवळायचं;
वाळलेलं पुन्हा वाळवून
असं किती हलकं होणार?

पुन्हा चालू. पुन्हा काळा पडदा.

आता ती एकेक नाव बोटानं वाचते.
हे एक नाव निघालं नाव सोनूबाई,
आत काहीच नाही, नुसता दुवा,
अजून त्या शेपटीवाल्या घराकडे बोट दाखवणारा.
ते घर तर तिनंच उलगडून मोडलं,
अर्ध्या तासापूर्वी.
बाहेर कुणाच्या तरी बोटीचा भोंगा वाजतो, दोनदा.
ती दुव्याचं तोंड वळवते. बांधते. बटण दाबते.

चौथी ओळ.
पाचवी.
सहावी, आणि मग मोजायचं राहूनच जातं,
पडदा निळा होतो, शेडची भिंत निळी होते,
हानुसची दाढीसुद्धा.

पण काट्यावर शून्य नाही.
चारशे दहा ग्रॅम.
रान्वाच्या पोटात गोळा येतो.

'ते माझे हातमोजे,' हानुस म्हणतो,
आणि उचलतो.