वाटाण्याएवढा थेंब

नवरा बहिरा. म्हणून यंत्राची शांतता
त्यानेच निवडायची, असं ठरलं.
मी हसले नाही. चाळीस वर्षांत
एवढं तर शिकलेय.

तार्तूतल्या आमच्या वस्तीत गल्ल्यांना भाज्यांची नावं:
बटाटा, घेवडा. आमची वाटाण्याची.
हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारतं
आणि मी हेडफोन चढवून
आता हयात नसलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं
टेपवरून उतरवून घेते.
कुणी राई कापल्याचं सांगते,
कुणी मध्येच नुसती थांबते.
थांबणंही लिहावं लागतं मला:
इथे श्वास. इथे चमचा खाली ठेवला.

जुना संगणक नेमका तिथेच
आपला घरघरता घसा खुपसायचा.
परवा एका बाईचं हुंदका देणं दोनदा ऐकलं, लिहिलं,
तिसऱ्यांदा कळलं: पंख्याचं बेअरिंग.

यूलोने यादी केली, सरपणाच्या पावतीमागे.
फिरणारं काही नको, तो बोटांनी म्हणाला.
फिरतं ते झिजतं, झिजतं ते कुरकुरतं.
म्हणजे पंखा बाद, थाळीवाली डिस्कही बाद.
प्रोसेसर पस्तीस वॅटचा.
पासष्टचा घेऊ की, मी म्हटलं.
तू टेप ऐकतेस, रॉकेट सोडत नाहीस.
मेमरीला मात्र हात सैल सोडला: बत्तीस.
पेटी जाड अॅल्युमिनियमची, दोन्ही अंगांना पन्हळी,
आत तांब्याच्या नळ्या;
उष्णता आपल्या पायांनी बाहेर येईल म्हणे
आणि खोलीत विरेल,
भिंतीतल्या आमच्या शेगडीसारखी.

दुकानातला पोरगा त्याच्याशी ओरडून बोलला,
मग लाजला.
यूलोने मांडलेल्या पेट्यांवर तळवा ठेवला,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवतात तसा.
मान हलवली. दुसरी. पुन्हा मान हलवली.
ही तर एकदम सायलेंट आहे, पोरगा म्हणाला.
यूलोने त्याचाच हात धरून झाकणावर टेकवला.
जरा वेळाने पोरगा म्हणाला, हो. आहे काहीतरी.

जुळणी स्वयंपाकघरात, पाव कापायच्या फळीवर.
प्रोसेसरवर पेस्ट वाटाण्याएवढी, असं कागदावर छापलेलं.
तो उठला, बरणीतून एक सुका वाटाणा आणला,
शेजारी ठेवला, आणि मापून थेंब पिळला.

सुरू केला. एक निळा ठिपका, बाकी काही नाही.
त्याने पेटीला कपाळ लावलं: काही नाही.
मी कान लावला: काही नाही.
टाचणी पडली असती तर
तीच दचकली असती.

रविवारी नात आली. साद, नऊ वर्षांची.
बूट काढता काढता कानांवर हात:
आजी, हे काय किंचाळतंय?

काहीच किंचाळत नव्हतं.
ती सरळ टेबलाखाली शिरली, बोट रोखलं
वीज पुरवणाऱ्या त्या काळ्या विटेवर.
हे. हे बघ ना.
यूलोने तळवा ठेवला. गरम आहे, एवढंच.
मी वाकले, हेडफोन काढले, उगाच पुन्हा घातले.
पोर म्हणत होती, ऐकू कसं येत नाही तुला?

मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता.
चाळीस वर्षं मी त्याला फोन, घंटा, पाऊस,
शेजाऱ्यांची भांडणं समजावून सांगत आले,
आणि हा माणूस पोट धरून हसत होता, आवाज न करता.
बाकावर सरकला, शेजारची जागा थोपटली.
ये.

मंगळवारी सादला घेऊन दुकानात गेलो.
पोरग्याने चार विटा एकेक करून लावल्या.
ती डोळे मिटून, टोपी कानांवरून वर सारून उभी.
पहिली नाही, दुसरी नाही. तिसरी
थोडीशी, पण आजीला चालेल.
चौथी लावल्यावर ती काही बोललीच नाही;
आम्ही तिघं
तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.